ठिपक्यांचा पुंजका म्हणजे रिसेप्टरचा पुंजका नव्हे

सुपर-रिझोल्यूशन मायक्रोस्कोपच्या चित्रात पेशीपटलावर ठिपक्यांची दाटी दिसली, की ‘इथे रिसेप्टर (बाहेरचे संकेत पकडणारी पटलावरची प्रथिनं) एकत्र जमलेत’ असं सर्रास सांगितलं जातं. जितके ठिपके तितके रिसेप्टर, हा हिशेबच मुळात चुकीचा आहे.

साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. २००६ साली आलेल्या ‘पाम’ या सुपर-रिझोल्यूशन पद्धतीने यावर सुंदर तोड काढली: रिसेप्टरला खूण म्हणून जोडलेले चमकणारे रेणू थोडे थोडे पेटवायचे, प्रत्येकाची जागा टिपायची आणि हजारो फ्रेम एकावर एक रचायच्या.

गोम इथेच आहे. यातले बरेचसे रेणू एकदा चमकून कायमचे विझत नाहीत. अंधारात एकच काजवा चारदा चमकावा, तसे ते विझतात आणि पुन्हा पेटतात. दर वेळी नवी नोंद होते, आणि जागा मोजण्यात वीसेक नॅनोमीटरची चूक सहज होत असल्याने चारही ठिपके किंचित इकडेतिकडे पडतात. झाला पुंजका तयार! रिसेप्टर मात्र एकच.

पेशी फॉर्मल्डिहाइडने स्थिर केली तरी पटलातले काही रेणू हलतच राहतात, आणि खूण लावायला वापरलेली, रिसेप्टरला चिकटणारी दोन हातांची अँटिबॉडी त्यांना ओढून जवळ आणते. म्हणून जिवंत पेशीत, रिसेप्टरला एकच खूण लावून, त्याचा माग काढणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

पुंजके खोटेच असतात असं मात्र नाही. टी-पेशी (एक रोगप्रतिकारक पेशी) सक्रिय झाली की तिचे रिसेप्टर सूक्ष्म पुंजक्यांत गोळा होतात आणि समोरच्या पेशीशी झालेल्या संपर्काच्या मध्याकडे सरकतात. जिवंत पेशीत ते सरकताना पाहता येतात.