नासपतीचा राजा आणि ओनोरे दोमिए

फ्रान्सचा राजा लुई-फिलिप याला नासपतीच्या रूपात प्रथम रेखाटले ते व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए याने, आणि त्याच चित्रापायी तो तुरुंगात गेला, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. त्यातील दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. ती कल्पना दोमिएचा संपादक शार्ल फिलिपाँ याची होती. राजा गवंड्याच्या वेशात दाखवल्याबद्दल नोव्हेंबर 1831 मध्ये त्याच्यावर खटला चालला, तेव्हा साम्य हाच गुन्हा मानला तर नासपतीवरही बंदी घालावी लागेल, हे पटवण्यासाठी त्याने राजाचा चेहरा चार टप्प्यांत फळात बदलत जाताना रेखाटून दाखवला. बचावाची इतकी बुद्धिमान तऱ्हा विरळाच, म्हणून तिचे श्रेय योग्य माणसालाच मिळायला हवे.

दोमिएला शिक्षा झाली ती 'गार्गांत्युआ' या शिळाछापाबद्दल. त्यात गरिबांचा पैसा गिळणारा आणि आसनाखालून सनदा बाहेर टाकणारा अगडबंब राजा दिसतो. डोके नासपतीसारखेच असल्याने गोंधळ झाला असावा. सहा महिन्यांची कैद त्याने 1832 च्या ऑगस्टपासून भोगली.