तक्रार मिटवणं आणि उमेद जागवणं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये मी शिफ्ट इनचार्ज होतो. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली दुपारी दोनला उभं राहवत नसे. पोरांच्या तक्रारी रास्त होत्या: पंखे नाहीत, प्यायचं पाणी कोमट, सेफ्टी शूज फाटलेले. मी मालकांच्या मागे लागून तिन्ही गोष्टी करून घेतल्या. तक्रारी थांबल्या. आता पोरं जीव लावून काम करतील, असं मी धरून चाललो होतो. महिना गेला तरी रिजेक्शन, म्हणजे मापात न बसल्यानं बाद होणारे नग, जागच्या जागी होतं. मशिनची सायकल सुरू केली की ऑपरेटर स्टुलावर बसायचा, संपली की जॉब, म्हणजे तयार झालेला नग, काढायचा, दुसरा लावायचा. एकानं सरळच सांगितलं, "साहेब, पंख्यानं घाम वाळला. काम तेच हाय की."

माझी चूक त्या वाक्यात होती. तक्रार मिटवणं आणि उमेद जागवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि मी पहिलं करून दुसऱ्याची वाट बघत बसलो होतो. माणसं सांभाळणारे आपण बहुतेक सगळेच असं करतो.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हा फरक 1959 मध्ये मांडला. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे 200 इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं: कामाबद्दल फार छान वाटलं असा एक प्रसंग सांगा, आणि फार वाईट वाटलं असा एक सांगा. आता वाटेल की उत्तरं एकाच यादीची दोन टोकं असतील. चांगला पगार म्हणजे आनंद, कमी पगार म्हणजे राग. तसं निघालं नाही. वाईट प्रसंगांत बहुतेक वेळा कंपनीचे नियम, वरिष्ठांचं वागणं, पगार, कामाची जागा असं कामाच्या भोवतीचं काहीतरी होतं. चांगल्या प्रसंगांत मुख्यतः कामच होतं: अवघड काहीतरी जमलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, पुढची पायरी चढता आली.

यावरून त्यानं म्हटलं की नाराजीच्या उलट समाधान येत नाही. नाराजीच्या उलट येतं ते फक्त 'नाराजी नाही'. नाराजी आणणाऱ्या पहिल्या गटाला त्यानं सार्वजनिक आरोग्यातला शब्द लावला, स्वच्छतेचे घटक. तो मला फार नेमका वाटतो. गल्लीतलं गटार वाहतं ठेवलं तर साथ येत नाही, पण गटार स्वच्छ आहे म्हणून गल्लीतलं पोरगं पैलवान होत नाही. त्यासाठी तालीम लागते. आणि तालीम चांगली आहे म्हणून गटार तुंबवून ठेवलं, तर पैलवानही तापानं पडेल.

हा शेवटचा भाग लोक विसरतात. त्याचं आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण म्हणजे आशा सेविका. कोरोनाच्या काळात त्या दारोदार फिरल्या. केंद्राकडून त्यांना या कामाचे जादा मिळत होते महिन्याला 1000 रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस-चौतीस. कौतुक मात्र सगळीकडून झालं. जून 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. पुढं मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला, तरी मानधनासाठीची त्यांची आंदोलनं थांबली नाहीत. रात्री दोनला बाळंतिणीच्या घरून हाक आली की निघणाऱ्या या बायका आहेत. कामाची ओढ त्यांच्यात नाही असं कोण म्हणेल? अडलं होतं ते मोबदल्याशी, आणि शाल-श्रीफळ तिथं चालत नाही. ज्याची थकबाकी आहे त्याचा सत्कार केला, तर त्या सत्काराचाही त्याला राग येतो. तो राग बरोबरच आहे.

मग समोरच्या माणसात काय कमी आहे हे ओळखायचं कसं? नाराजी बोलते. तिला वस्तू असते, तारीख असते: चहा पातळ आहे, सुट्टी नाकारली, स्लिपमध्ये तास कमी लागले. उमेद नसलेला माणूस गप्प असतो. त्याला काय हवंय विचारलं तर म्हणतो, "काही नाही, ठीक चाललंय." म्हणून तक्रारपेटी रिकामी बघून मला आता हायसं वाटत नाही. मी हर्झबर्गचाच प्रश्न माझ्या भाषेत विचारतो: गेल्या सहा महिन्यांत कामातली कुठली गोष्ट घरी जाऊन खुशीत सांगितलीस? कुठली चिडून? दुसऱ्याचं उत्तर लगेच येतं. पहिल्याला माणूस छताकडं बघायला लागला, की मला कळतं.

आमच्याकडं एक आयटीआय झालेला मुलगा होता, सीएनसी लेथवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारा छोटा तुकडा, झिजायला लागला की त्याला कटिंगच्या आवाजावरून कळायचं. "आवाज बदललाय," म्हणायचा. पण ऑफसेटला, म्हणजे मशिनमधल्या मापाच्या दुरुस्तीच्या आकड्याला, हात लावायचा नाही, मशिन लावून देणाऱ्या सेटरला बोलवायचं, असा नियम. सेटर दुसऱ्या मशिनवर अडकलेला असे. इन्सर्ट झिजेल तसा जॉबचा बाहेरचा व्यास वाढत जातो, म्हणजे सेटर येईपर्यंत तीन-चार नग मापाबाहेर. मुलगा ते होताना बघत बसायचा, आणि हळूहळू आवाज बदललाय हे सांगणंही त्यानं सोडून दिलं. मी त्याला वीस मायक्रॉनपर्यंत (मिलिमीटरचा पन्नासावा भाग) ऑफसेट स्वतः बदलायची मुभा दिली, मायक्रोमीटर त्याच्या ताब्यात दिला, आणि इन्स्पेक्शन कार्डावर माझ्या सहीच्या जागी त्याची सही सुरू केली.

पहिले पंधरा दिवस रिजेक्शन वाढलं. प्रत्येक नगामागं तो ऑफसेट हलवत होता. मुभा काढून घ्यावी, असं मला रोज वाटायचं. धीर दिला तो हर्झबर्गच्याच 1968 च्या एका लेखानं. एका मोठ्या कंपनीत भागधारकांच्या पत्रांना उत्तरं लिहिणारे कर्मचारी होते. त्यांचं प्रत्येक पत्र वरिष्ठ तपासायचे आणि सहीही वरिष्ठांचीच. प्रयोग म्हणून काही गटांत लिहिणाऱ्यांनाच स्वतःच्या नावानं सही करू दिली, आणि अनुभवी लोकांच्या पत्रांची तपासणी शंभरावरून दहा टक्क्यांवर आणली. सुरुवातीला त्या गटांचं काम घसरलं. सहा महिन्यांच्या अखेरीस ते बाकीच्यांच्या पुढं होते, आणि काम आधीपेक्षा आवडतंय असंही सांगत होते. जबाबदारी अंगवळणी पडायला वेळ लागतो. तेवढा वेळ न देता ती परत घेतली, तर माणूस पुन्हा कधी पुढं येत नाही. तिसऱ्या आठवड्यात आमचा मुलगा सावरला. पाच नग मोजायचे, कल बघायचा, मगच ऑफसेट. ही पद्धत मी शिकवली नव्हती.

हर्झबर्गवर टीकाही झाली आणि तीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. चांगलं घडलं की माणूस श्रेय स्वतःकडं घेतो आणि वाईट घडलं की बोट परिस्थितीकडं दाखवतो. तेव्हा दोन याद्या वेगळ्या निघणारच, असा तो आक्षेप. पगारही एका बाजूला नीट बसत नाही. सगळ्यांना सारखी मिळालेली वाढ चार दिवसांत विसरली जाते, पण तुझ्या अमुक कामामुळं म्हणून दिलेली छोटी वाढसुद्धा माणूस वर्षभर सांगत फिरतो, कारण तीत दखल असते. शॉपवर उभं राहून मला हा फरक तरी खरा वाटतो.

त्याच सुमारास दुसऱ्या एका जुन्या ऑपरेटरलाही मी उत्साहानं सहीचं कार्ड द्यायला गेलो. त्यानं ते हातात घेतलं नाही. "साहेब, आधी मागच्या महिन्याचे ओव्हरटाइमचे चौदा तास बघा." मी टाइम ऑफिसात बसून पंचिंग काढलं. त्याचं खरं होतं. पुढच्या पगारात पैसे आले, स्लिप बघून त्यानं घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "आता ठीक." मग तो मशिनवर गेला आणि नेहमीसारखा स्टुलावर बसला. दुपारी चहाच्या सुट्टीत मी कार्ड आणि मायक्रोमीटर घेऊन पुन्हा त्याच्याकडं गेलो, आणि कुठल्या जॉबवर त्याला सगळ्यात जास्त त्रास होतो ते विचारलं.