कोव्हिड-१९ मधील हृदयस्नायूची इजा

कोव्हिड-१९ साठी रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या हृदयस्नायूला होणारी हानी. ती बहुधा रक्ततपासणीतून लक्षात येते. ट्रोपोनिन हे प्रथिन एरवी हृदयस्नायूच्या पेशींत असते. पेशी दुखावल्या की ते रक्तात उतरते. निरोगी व्यक्तींपैकी ९९ टक्क्यांत जेवढे आढळते त्याहून ते जास्त भरले तर ‘इजा’ म्हणावी, असा २०१८ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येचा दंडक आहे. पेशी दुखावल्या एवढेच या संज्ञेने कळते, कशामुळे ते कळत नाही. हृदयविकाराचा झटका किंवा हृत्स्नायुशोथ (हृदयस्नायूचा दाह) यांच्याशी तिची सर्रास गल्लत होते.

पहिल्या नोंदी वूहानच्या आहेत. तेथील रेनमिन रुग्णालयात २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत तपासलेल्या ४१६ रुग्णांपैकी ८२ जणांना (१९.७ टक्के) अशी इजा होती; त्यांच्यातील मृत्युप्रमाण ५१.२ टक्के, तर इतरांत ४.५ टक्के होते. त्याच शहरातील आणखी एका रुग्णालयातील १८७ रुग्णांची आकडेवारी अधिक बोलकी आहे. आधीपासून हृदयविकार असूनही ज्यांचे ट्रोपोनिन वाढले नाही, त्यांच्यापैकी सुमारे १३ टक्के दगावले. पूर्वी कोणताही हृदयविकार नव्हता पण ट्रोपोनिन वाढले, अशांपैकी ३७.५ टक्के. दोन्ही असलेल्यांत हे प्रमाण ६९ टक्क्यांवर गेले. न्यूयॉर्कमधील २,७३६ रुग्णांच्या पाहणीत इजेचे प्रमाण ३६ टक्के भरले, मात्र त्यातील बरीचशी वाढ किरकोळ होती.

ही इजा विषाणू स्वतः करतो की आजारी शरीराच्या हालांतून ती घडते, हा वाद अजून मिटलेला नाही. विषाणू पेशीत शिरताना एसीई-२ या ग्राहीचा (पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचा) आधार घेतो आणि ही ग्राही हृदयातही असते; प्रयोगशाळेत वाढवलेल्या हृदयपेशींना संसर्ग होतो, हेही दिसले आहे. यावरून सुरुवातीला थेट संसर्गाचा पक्ष उचलून धरला गेला. शवविच्छेदनांनी त्याला पुरेसे बळ दिलेले नाही. हॅम्बुर्ग येथे तपासलेल्या ३९ हृदयांपैकी २४ मध्ये विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) सापडला खरा. पण तो स्नायुपेशींत नव्हे, तर त्यांच्यामधल्या जागेतील पेशींत असावा असे दिसले, आणि शोथाला साजेशी दाहपेशींची गर्दीही तेथे नव्हती. १९८६ पासून रूढ असलेल्या डॅलस निकषांनुसार हृत्स्नायुशोथ म्हणण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात : दाहपेशींची घुसखोरी आणि तिच्या लगत मेलेली स्नायुपेशी. नुसत्या विखुरलेल्या दाहपेशी पुरत नाहीत. प्रकाशित झालेल्या २७७ हृदयांच्या आढाव्यात २० हृदयांवर हृत्स्नायुशोथाचा शिक्का होता. आढावाकारांच्या मते खरे प्रमाण २ टक्क्यांहूनही कमी असावे.

त्यामुळे अप्रत्यक्ष कारणांचे पारडे जड वाटते : प्राणवायूची कमतरता, दाहाचा भडका, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील गुठळ्या आणि आधीच अरुंद झालेल्या हृदयरोहिण्यांवरचा ताण. तेल अवीवमध्ये १०० रुग्णांची दाखल होताच इकोकार्डिओग्राफी (ध्वनिलहरींनी हृदयाची तपासणी) केली, तेव्हा ३२ हृदये ठीक होती. सर्वाधिक आढळलेला दोष उजव्या जवनिकेचा, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याचा (३९ टक्के); डाव्या जवनिकेचे आकुंचन केवळ १० टक्क्यांत मंदावले होते. उजवी जवनिका फुप्फुसांकडे रक्त ढकलते. फुप्फुसातील वाहिन्यांत गुठळ्या झाल्या, दाब वाढला की ती फुगते. म्हणजे हृदयाचे दुखणे पुष्कळदा फुप्फुसातून आलेले असते.

ईसीजी फसवा ठरू शकतो. न्यूयॉर्कमधील १८ रुग्णांचा आलेख मोठ्या झटक्यासारखा होता, पण प्रत्यक्षात झटका ८ जणांनाच आला होता. हृदयगतीतील बिघाड, परिहृदयशोथ (हृदयावरणाचा दाह) आणि ताणजन्य ताकोत्सुबो विकारही नोंदले गेले आहेत. लहान मुलांत संसर्गानंतर काही आठवड्यांनी उद्‌भवणाऱ्या बहुप्रणाली दाहात (अनेक अवयवांच्या दाहात) हृदयही बाधित होते. तो वेगळा विकार मानतात.

केवळ या इजेसाठी असा स्वतंत्र उपचार नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व ॲझिथ्रोमायसिन ही साथीच्या सुरुवातीला सढळ हाताने दिलेली औषधांची जोडी हृदयगती बिघडवू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी एसीई-२ वाढून विषाणूला वाट मिळेल, या धास्तीने त्या बंद कराव्यात, असा सूर निघाला होता. ब्राझीलमध्ये ६५९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत बंद केल्याने काही लाभ दिसला नाही.

बरे झाल्यानंतरच्या हृदयाविषयी फ्रँकफर्टचा अभ्यास (२०२०) नेहमी पुढे केला जातो. त्यात १०० पैकी ७८ जणांच्या एमआरआयमध्ये दोष दिसले. पुढे त्याच्या आकडेवारीत दुरुस्ती करावी लागली. शिवाय त्यातील दोन-तृतीयांश लोक घरीच बरे झाले होते, हे सहसा सांगितले जात नाही.

भारतात १८ ते ४५ वयोगटातील अचानक मृत्यूंचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ४७ रुग्णालयांतून केला (२०२३). कोव्हिडसाठी रुग्णालयात राहिलेल्यांत अशा मृत्यूची शक्यता सुमारे चौपट आढळली. लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांत ती जवळपास निम्मी होती.