चित्राला आलेला खर्च आणि चित्राची किंमत: दोन हिशेब, दोन कामं

चित्र पूर्ण झालं, सही झाली आणि कुणी विचारलं, ‘केवढ्याला देणार?’ की बरेच चित्रकार मनातल्या मनात दिवस मोजू लागतात. तीन आठवडे गेले, कॅनव्हास महागाचा होता, म्हणून इतके. काही जण मोजपट्टी काढतात: एवढे चौरस इंच, म्हणून इतके. दोन्ही हिशेब लागतात. पण पहिला आपल्याला काय परवडतं ते सांगतो आणि दुसरा समोरच्याकडून काय मागायचं ते. यांची अदलाबदल झाली की घोळ सुरू होतो.

तासांचा हिशेब फक्त चित्रकाराच्या वहीत राहावा. त्यात कॅनव्हास, रंग, व्हार्निश, चौकट हे तर आलंच, शिवाय जागेचं भाडं, पॅकिंग आणि फुकट गेलेले कॅनव्हाससुद्धा धरायचे. हे शेवटचं हमखास विसरलं जातं. पण या बेरजेला किंमत समजू नये. एकाच मापाची दोन चित्रं भिंतीवर शेजारी टांगली आहेत असं समजा. एक दोन बैठकांत झालं, दुसऱ्यात आकाश तीनदा खरवडून पुन्हा रंगवावं लागलं. दुसऱ्याला तिप्पट किंमत लावली, तर बघणाऱ्याला त्याचं कारण चित्रात कुठेच सापडत नाही. बऱ्याचदा पहिलंच जास्त जमलेलं असतं. शिवाय हात बसला की काम लवकर उरकतं. मग काय, कौशल्य वाढेल तशी किंमत उतरवायची?

हाच सवाल 1878 मध्ये लंडनच्या कोर्टात निघाला होता. चित्रकार व्हिसलरच्या एका निशाचित्राची किंमत होती 200 गिनी (गिनी म्हणजे तेव्हाचं इंग्लंडमधलं पैशाचं एक माप), आणि त्यावरून कलासमीक्षक रस्किननं केलेल्या बोचऱ्या टीकेवर व्हिसलरनं अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. दोन दिवसांच्या कामाचे इतके पैसे मागता का, असं रस्किनच्या वकिलानं विचारलं. नाही, आयुष्यभराच्या कामातून मिळवलेल्या ज्ञानाचे मागतो, असं व्हिसलर म्हणाला. खटला तो जिंकला, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. उत्तर मात्र मला आजही शंभर टक्के पटतं.

मागायची किंमत मापावरून ठरवणं ही काही बाजारू युक्ती नव्हे. जोशुआ रेनॉल्ड्ससारखा नावाजलेला व्यक्तिचित्रकारही तेच करायचा. 1764 मध्ये त्याचे दर होते: मस्तकचित्राला 30 गिनी, अर्ध्या आकृतीला 70, पूर्ण आकृतीला 150. कॅनव्हासची मापंही ठरलेली असत: मस्तकाला साधारण 30 बाय 25 इंच, पूर्ण आकृतीला 94 बाय 58. आता गुणाकार करून बघा. क्षेत्रफळ सातपटीहून जास्त वाढतं, किंमत मात्र पाचपटच. म्हणजे मोठ्या चित्राला चौरस इंचामागे कमी दर.

सरसकट एकच दर लावणारे नेमके इथे अडकतात. चौरस इंचाला 3 धरा, चलन कुठलंही असो. 10 बाय 10 चं चित्र 300 ला, 20 बाय 20 चं 1200 ला आणि 40 बाय 40 चं थेट 4800 ला जातं. त्याऐवजी लांबी आणि रुंदीची बेरीज करून इंचाला 15 लावले, तर तीच चित्रं 300, 600 आणि 1200 ला बसतात. पहिल्यात मोठं चित्र कुणी घेत नाही, दुसऱ्यात ते चित्रकाराला परवडत नाही. मधला दर हातानं बसवावा लागतो. कागदावरच्या कामाला वेगळा, सहसा कमी दर असतो. लघुचित्रांना मात्र हा हिशेब लागूच पडत नाही.

दोन्ही हिशेब एकमेकांना भेटतात ते गॅलरीच्या दारात. चित्राची किंमत 1000, गॅलरीचं कमिशन निम्मं (ते बऱ्याच ठिकाणी तेवढं असतं), म्हणजे हातात 500. साहित्य आणि चौकटीचे 120 वजा केले की उरले 380. वीस तास लागले असतील तर तासाला 19. जागेचं भाडं अजून यातूनच जायचंय. हा आकडा परवडत नसेल, तर तेवढ्या एका चित्राची किंमत फुगवू नका. सगळ्या चित्रांचा दर वाढवा, नाहीतर कामाची पद्धत बदला. गॅलरीतलं 1000 चं चित्र घरून 500 ला देऊन तर मुळीच चालणार नाही. विकणाऱ्याचे कष्ट आणि आधीच्या ग्राहकाचा विश्वास, दोन्ही त्यात बुडतात.

म्हणूनच सुरुवातीचा दर थोडा खालीच ठेवलेला बरा. चित्रं भराभर जाऊ लागली की सगळ्या चित्रांचा दर एकत्रच, थोडा थोडा वर नेता येतो. दर खाली आणणं फार अवघड, कारण ज्यांनी जुन्या भावानं घेतलं त्यांच्या भिंतीवरच्या चित्राचा भावही तेव्हाच पडतो.