हजार फुटांवरचं शहर, दहा हजार फुटांवरची शर्यत

नागपूरच्या झीरो माइलच्या खांबाजवळून आपण रोज जातो, पण त्याची एक नोंद फारशी कुणाच्या लक्षात नसते. समुद्रसपाटीपासून या खांबाची उंची 1020.171 फूट, अशी तिसऱ्या दशांशापर्यंत मोजून ठेवलेली आहे. सर्वेक्षणवाल्यांनी 1907 साली इथून अंतरं मोजायला घेतली, तेव्हा त्यांना हा आकडा नकाशासाठी हवा होता. डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीचं स्वप्न पाहणाऱ्या नागपूरकरासाठी मात्र हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण त्याचं शरीर या उंचीवर घडलेलं असतं.

आमच्या पहाटेच्या ग्रुपमधला एक तरुण हिमाचलच्या माउंटन बाइक शर्यतीची तयारी करतोय. परवा फुटाळा तलावावर चहा पिताना तो म्हणाला, "दादा, आपल्या इथं चढ कुठी आहे? रामटेकचा गड सुरू होते अन् संपून जाते." चढाचं त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण खरी अडचण चढाची नाहीच. चढ चिखलदऱ्याला मिळतो, पचमढीला मिळतो, जिद्द असेल तर रामटेकचा गडही वीस वेळा चढता येतो. विरळ हवा मात्र महाराष्ट्रात कुठेच मिळत नाही. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. ज्या शर्यतीनं हा सगळा प्रकार जगभर पोचवला, तिची सुरुवातीची रेघच याच्या जवळपास दुप्पट उंचीवर आखलेली असते.

ती शर्यत म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातली लेडव्हिल. गाव साधारण 10,150 फुटांवर, म्हणजे 3,100 मीटरच्या आसपास. एकोणिसाव्या शतकात चांदीच्या खाणींनी हे गाव भरभराटीला आलं, 1893 मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि गाव बसलं. पुढं जवळच्या क्लायमॅक्स खाणीतल्या मॉलिब्डेनम या धातूनं त्याला पुन्हा उभं केलं. 1982 मध्ये त्या खाणीतलं कामही बंद पडलं आणि हजारो माणसं एका झटक्यात घरी बसली.

नागपुरात हे फार समजावून सांगावं लागत नाही. 1877 पासून चालत आलेली एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद झाली, तेव्हा आसपासच्या वस्त्यांचं काय झालं ते पाहिलेली माणसं अजून आहेत. रामटेकला सायकलनं जाताना वाटेत मनसरच्या मॅंगनीजच्या खाणी लागतात. खाणीच्या जिवावर जगणारं गाव कसं असतं, हे तिथल्या चहाच्या टपरीवर बसलं तरी कळतं.

लेडव्हिलमध्ये केन क्लॉबर नावाचा एक खाणकामगार होता, लांब पल्ल्याचा धावपटू. गावात माणसं यावीत, एखादी रात्र मुक्काम करावा, चार पैसे खर्चावेत म्हणून त्यानं 1983 मध्ये शंभर मैल धावण्याची शर्यत भरवली. इतक्या उंचीवर कुणाचा तरी जीव जाईल, अशी भीती गावातल्याच लोकांना होती. पहिल्या वर्षी 45 जण धावायला उभे राहिले, पूर्ण केली दहा जणांनी. पण शर्यत टिकली, आणि 1994 मध्ये तिच्या जोडीला शंभर मैलांची माउंटन बाइक शर्यत आली.

ही शर्यत वेळेत पुरी करणाऱ्याला पट्ट्याचं बक्कल मिळतं. बारा तासांच्या आत आलात तर बक्कल, नऊ तासांच्या आत आलात तर मोठं बक्कल. बारा तास आणि एक मिनिट झालं तर बक्कल नाही. खाणकामगारांच्या, गुरं राखणाऱ्यांच्या मुलखाला शोभणारं हे बक्षीस मला कुठल्याही करंडकापेक्षा आवडतं. मार्ग जाऊन परत येण्याचा आहे. मधोमध कोलंबाइनचा चढ लागतो, तो 12,400 फुटांच्या वर जातो. वरच्या टप्प्यात झाडं संपतात, दगडगोटे सुरू होतात, आणि चांगले चांगले सायकलस्वार उतरून हँडल धरून चालायला लागतात.

डोंगरातली सायकल त्याआधीची. 1897 मध्ये अमेरिकी लष्कराच्या 25 व्या इन्फंट्रीतले वीस कृष्णवर्णीय सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या हाताखाली मोंटानातल्या मिझूलापासून सेंट लुइसपर्यंत सुमारे 1,900 मैल सायकलनं गेले, रॉकी पर्वत ओलांडून. आज आपण जिला माउंटन बाइक म्हणतो ती कॅलिफोर्नियाच्या मॅरीन काउंटीत जन्मली. तिथली पोरं जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली डोंगरावर न्यायची आणि मातीच्या वाटेनं खाली सोडायची. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पायडल उलटं दाबून लावायचा. एका उतारातच हब इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोचल्यावर हब खोलून नव्यानं ग्रीस भरावं लागे. या पुन्हा भरण्यावरूनच 21 ऑक्टोबर 1976 ला सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचं नाव पडलं 'रीपॅक'. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली, टॉम रिची ही त्या मंडळींतली नावं. ब्रीझनं 1977 मध्ये खास डोंगरासाठी सायकल बांधली. 1990 मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिलं अधिकृत विश्वविजेतेपद झालं, 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. ऑलिंपिकची शर्यत मात्र दीड-दोन तासांची. सहा ते बारा तास विरळ हवेत सायकल हाणणं ही वेगळीच परंपरा आहे, आणि तिचं मूळ लेडव्हिलसारख्या गावांत आहे.

उंचीचं महत्त्व कळायला 2008 ची लेडव्हिल बघावी. डेव्ह वीन्स हा सुमारे 7,700 फुटांवरच्या गनिसन गावचा. 2003 पासून ओळीनं जिंकत आलेला. 2008 मध्ये त्याच्यासमोर लान्स आर्मस्ट्राँग उभा होता, ज्याच्या नावावर तेव्हा सात टूर द फ्रान्स होत्या (त्या पुढं काढून घेतल्या गेल्या). वीन्सनं ती शर्यतही जिंकली, सलग सहावी. त्याच्या मेहनतीला तोड नाहीच. पण वर्षानुवर्षं त्या हवेत झोपणं, जेवणं, सराव करणं याचाही त्यात वाटा आहे, असं मी मानतो.

वर गेल्यावर ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं आपण सहज म्हणतो. हवेत ऑक्सिजन सगळीकडे साधारण 21 टक्केच असतो, कमी होतो तो हवेचा दाब. तीन हजार मीटरवर तो समुद्रकाठच्या सुमारे 70 टक्के उरतो. म्हणजे एका श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. छाती भात्यासारखी चालते. जोराजोरात श्वास घेतल्यानं कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचा आम्ल-अल्क समतोल बिघडतो, आणि तो सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. पहिल्या दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग, प्लाझ्मा, घटतो. मग मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि अस्थिमज्जा नव्या लाल पेशी घडवायला घेते. हे काम आठवड्यांचं आहे.

म्हणूनच वर लवकर जाऊन पंधरा-वीस दिवस राहा, नाहीतर शर्यतीच्या आदल्या दिवशी पोचा, असा सल्ला जुने स्पर्धक देतात. तीन-चार दिवस आधी जाणं सगळ्यात वाईट. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे सगळं भोगायचं आणि फायदा पदरात पडायच्या आत शर्यत. काही जण उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी खिशात टाकून निघतात. तिच्यातलं अॅसिटाझोलामाइड उत्तेजकविरोधी नियमांच्या बंदी यादीत आहे, हे अनेकांना ठाऊकच नसतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये.

नागपूरचं ऊन इथं थोडं कामी येतं. उन्हात रोज घाम गाळून सराव केला तर काही दिवसांत शरीर प्लाझ्मा वाढवून घेतं. उंचीवर जो घटतो, नेमका तोच. त्यानं उंचीची सवय होत नाही, पण मे महिन्यातली पहाट आपल्याला फुकट काही देत असेल तर ते घ्यावं.

विदर्भातल्या सायकलस्वाराला मी आणखी एक गोष्ट आग्रहानं सांगतो, ती म्हणजे सिकलसेलची, लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी. मध्य भारतातल्या सिकलसेलवर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला तो 1958 साली, आणि आजही विदर्भात असंख्य घरांत हा आजार किंवा त्याचे वाहक आहेत. वाहक माणूस एरवी अगदी ठणठणीत असतो, सायकल चालवतो, मॅरेथॉन धावतो. पण विरळ हवा, पाण्याची कमतरता आणि जीव तोडून मेहनत एकत्र आली की लाल पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात, प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो. डाव्या बरगडीखाली अचानक कळ आली तर ती चमक समजून पुढं रेटायचं नसतं. कोलोरॅडोच्या किंवा युरोपच्या तयारी-तक्त्यांत ही ओळ सहसा सापडत नाही, म्हणून आपण आपल्या तक्त्यात ती सगळ्यात वर लिहायला हवी.

भारतात या प्रकाराला वळण लागलं ते सिमल्याकडून. 2005 मध्ये एमटीबी हिमालय सुरू झाली, अनेक दिवसांची, टप्प्याटप्प्याची, आणि तिच्या मार्गात बऱ्याच वर्षी सुमारे 3,100 मीटरवरची जलोरी खिंड असे. शेजारी नेपाळात 2007 पासूनची याक अटॅक थेट 5,416 मीटरच्या थोरोंग ला खिंडीवर चढली. भूतानची टूर ऑफ द ड्रॅगन 2010 ची, एका दिवसात 268 किलोमीटर आणि चार खिंडी.

नागपूरचं नाव या लांब पल्ल्याच्या जगात नेलं डॉ. अमित समर्थ यांनी. 2017 मध्ये त्यांनी रेस अॅक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली, सुमारे 4,800 किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. त्याच वर्षी लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती पूर्ण केली. ही शर्यत डांबरी रस्त्यावरची, पण तिची वाटही कोलोरॅडोत वुल्फ क्रीक पासवर 10,857 फुटांपर्यंत चढते. हजार फुटांवरच्या शहरातला माणूस तिथून पार झाला, हे आमच्या ग्रुपमधल्या पोरांना तोंडपाठ आहे.

फुटाळ्यावरच्या त्या तरुणाला मी दोनच गोष्टी सांगितल्या, पंधरा दिवस आधी वर जा आणि सिकलसेल तपासून घे. तपासणी त्यानं त्याच आठवड्यात करून घेतली, रिपोर्ट नॉर्मल आला. पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे.