शस्त्रनकार आणि नागरिकत्व (अमेरिका)

धर्मश्रद्धेमुळे कोणत्याही माणसावर शस्त्र न उगारण्याची भूमिका. अमेरिकेत ती मुख्यतः क्वेकर, मेनोनाइट, आमिश आणि ब्रेदरन या ख्रिस्ती पंथांनी जपली. त्या देशात बंदूक बाळगणे हा नागरिकाचा हक्क आणि देशासाठी ती उचलणे हे त्याचे कर्तव्य मानले जाते. शस्त्रनकार करणाऱ्याचा पेच दोन्हींशी आहे. नागरिकाला त्याच्याविषयी पडणारा प्रश्न एकच असतो: हा आपल्यातला आहे का?

‘शत्रूंवर प्रीती करा’ ही येशूची आज्ञा या भूमिकेचा आधार. मेनोनाइट-आमिशांचे पूर्वसुरी असलेल्या अ‍ॅनाबॅप्टिस्टांच्या 1527 च्या श्लाइटहाइम कबुलीनाम्याने (श्रद्धेच्या जाहीरनाम्याने) तलवार ‘ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेरची’ ठरवली. ती राज्यकर्त्याकडे राहील, श्रद्धावंताने मात्र ती हाती घेऊ नये आणि दंडाधिकारीही होऊ नये. क्वेकरांनी राज्यसत्तेशी एवढी फारकत घेतली नाही. पेन्सिल्वेनियात त्यांनी राज्य चालवले. पण 1756 मध्ये मूळ रहिवाशांविरुद्ध युद्ध पुकारले गेले, तेव्हा त्यांच्यातल्या काही प्रतिनिधींनी विधिमंडळ सोडले.

शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीच्या जन्मात या लोकांचाही वाटा आहे, हे सहसा सांगितले जात नाही. जून 1789 मध्ये जेम्स मॅडिसनने मांडलेल्या मसुद्यात शस्त्रहक्काच्या जोडीलाच, शस्त्र उचलण्यास ज्याचा धर्म आड येतो त्याच्यावर सैनिकी सेवेची सक्ती करू नये, असे कलम होते. सिनेटने ते गाळले. सर्वोच्च न्यायालयातील 2008 च्या हेलर खटल्यात त्याच गाळलेल्या कलमावर न्यायाधीशांत वाद झाला. दुरुस्ती लष्करी सेवेपुरतीच आहे, याचा पुरावा न्या. स्टीव्हन्स यांना त्यात दिसला. क्वेकरांचा विरोध केवळ सेनेला नसून कुठल्याही हिंसक वापराला होता, असे उत्तर न्या. स्कॅलिया यांनी दिले. क्वेकरांविषयीचे हे वर्णन खरे आहे. निकालात मात्र घरात पिस्तूल बाळगण्याचा वैयक्तिक हक्क मान्य झाला. अहिंसकांच्या साक्षीचा असा उपयोग व्हावा, हे खेदाचे आहे.

हे पंथीय बंदुकीला हातच लावत नाहीत, असे मात्र नाही. अनेक आमिश घरांत शिकारीची रायफल असते. ती माणसावर रोखायची नाही, घरात शिरलेल्या चोरावरही नाही, एवढेच बंधन. आणि ते फार मोठे आहे. 2 ऑक्टोबर 2006 रोजी पेन्सिल्वेनियातील निकेल माइन्सच्या आमिश शाळेत एका बंदूकधाऱ्याने पाच मुलींचा जीव घेतला व स्वतःलाही संपवले. आमिश कुटुंबांनी त्याच्या पत्नीचे आणि आईवडिलांचे सांत्वन केले. दुसऱ्याने बंदूक धरावी आणि आपण तिच्या आडोशाने सुरक्षित राहावे, हा दुटप्पीपणा आहे, असा आक्षेप या पंथांवर घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पोलीस त्यांनाही वाचवतात. पण मृत्यूची किंमत मोजूनही जे वचन पाळतात, त्यांना केवळ परावलंबी म्हणता येत नाही.

नागरिकत्व मागणाऱ्याची कसोटी शपथेत लागते. 1929 मध्ये रोझिका श्विमर या शांतिवादी स्त्रीला सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. ती वयाने पन्नाशी ओलांडलेली होती, शस्त्र उचलण्याची वेळ तिच्यावर येणारच नव्हती. 1931 मध्ये येलचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक मॅकिंटॉश यांनाही 5 विरुद्ध 4 मतांनी नकार मिळाला: युद्ध न्याय्य आहे का, हे आधी आपण ठरवू, एवढेच त्यांचे म्हणणे होते. 1946 च्या जिरूआर्ड खटल्यात, शस्त्राविना सैन्यात सेवा देण्यास तयार असलेल्या, अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या अर्जदाराच्या बाजूने निकाल लागला आणि जुना दंडक मोडला. 1952 च्या कायद्याने शपथेत शस्त्र उचलणे, सैन्यातली निःशस्त्र सेवा आणि नागरी देखरेखीखालचे राष्ट्रोपयोगी काम अशी तीन वचने ठेवली. धर्मश्रद्धा सिद्ध करणाऱ्याला पहिल्या दोहोंतून सूट मिळते, तिसऱ्यातून नाही.