टेस्टपर्यंत सोबत कोण येतं?

सोलापुरात सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि सिव्हिल काही गावाबाहेर नाही. तरीही एखादा समलिंगी तरुण पुण्याची गाडी पकडतो आणि तिथे टेस्ट करून येतो. सिव्हिलमध्ये केसपेपरच्या रांगेत शेजारचे काका भेटले तर काय सांगायचं, हा त्याचा खरा प्रश्न असतो.

गरज मात्र मोठी आहे. २०१७च्या सरकारी आकड्यांनुसार देशातल्या प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण ०.२२ टक्के होतं, तर पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत २.६९ टक्के. यात चारित्र्याचा काही संबंध नाही. गुदमार्गाचं अस्तर नाजूक असतं, विषाणू तिथून सहज शिरतो. त्यात लपूनछपून जगावं लागलं की तपासणी लांबते आणि नकळत लागण पसरते.

पूर्वी कार्यकर्ते स्टँडवर, बागेत अशा पुरुषांना गाठायचे. आता ओळखी ग्राइंडरसारख्या डेटिंग अ‍ॅपवर, टेलिग्रामवर होतात, मग तपासणीचं बोलणंही तिथेच व्हायला हवं. लॉस एंजेलिसमध्ये हे पारखून पाहिलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ११२ पुरुषांना फेसबुकच्या बंद गटांत घेतलं. काही गटांत त्यांच्यातल्याच प्रशिक्षित माणसांनी बारा आठवडे एचआयव्हीबद्दल गप्पा मारल्या, बाकीच्यांत सर्वसाधारण आरोग्यावर. पहिल्या गटांतल्या ४४ टक्के जणांनी घरी करायचं टेस्ट किट मागवलं, दुसऱ्यांतल्या २० टक्के जणांनी. पण मला पुढचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या गटांत किट मागवणारे २५ होते. त्यातल्या फक्त नऊ जणांनी टेस्ट करून ते परत पाठवलं. विचारणा आणि टेस्ट यांच्यामध्येच माणसं गळतात.

सोलापुरात चॅटवर येणारे प्रश्न अगदी साधे असतील. ‘दादा, तिथं आधार मागतात का?’ ‘नाव मोठ्यानं पुकारतात का?’ याला पोस्टर उत्तर देत नाही. स्वतः जाऊन आलेला माणूस देतो: केंद्र कुठल्या मजल्यावर आहे, गर्दी कधी कमी असते, आणि ‘मी येतो रे सोबत’. पूर्व भागातल्या तेलुगू घरातल्या मुलाला हे तेलुगूत, एखाद्याला कन्नड किंवा उर्दूत व्हॉइस नोटवर ऐकायला मिळालं, तर धीर आणखी वाढेल.

आत गेल्यावर आधी समुपदेशक बोलतात, संमती घेतात, मग रक्त घेतात. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तरी वेगळ्या किटवर आणखी दोन चाचण्या होतात, मगच निदान सांगतात. नुकताच धोका झाला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं. गुप्तता राखणं एचआयव्ही कायद्याने बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्ह्यातून वगळलं ते ६ सप्टेंबर २०१८ला, आणि हा एचआयव्ही कायदा लागू झाला त्यानंतर चारच दिवसांनी. शंका असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर औषधं सरकारकडून मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला की जोडीदाराला लागण होत नाही. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या अभ्यासात एकाला एचआयव्ही असलेली ७८२ समलिंगी जोडपी होती. कंडोमशिवायच्या सुमारे ७६ हजार संबंधांत औषधं घेणाऱ्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. हे चॅटवर पहिल्याच गप्पांत सांगायला हवं. रिपोर्ट हातात पडल्यावर माणसाला फारसं काही ऐकू येत नाही.